प्रयोगाचं बिल कुणाच्या नावावर?

ज्यानं बारसं केलं त्यानंच पंचवीस-सव्वीस वर्षांनी येऊन ‘नाव चुकलं, बदला’ म्हणावं, असं विज्ञानात फारसं घडत नाही. आर्नल्ड कॅपलन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते केलं. अस्थिमज्जेत सापडणाऱ्या एका जातीच्या पेशींसाठी ‘मेझेंकायमल स्टेम सेल’ हे नाव त्यांनी १९९१ मध्ये वापरात आणलं. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात ती. प्रयोगशाळेतल्या बशीत या पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी असं बरंच काही बनवता येत होतं. मग शरीरात सोडल्यावरही त्या झिजलेल्या जागी जाऊन नवी ऊती घडवतील, अशी आशा कुणालाही वाटली असती. २०१७ मध्ये त्याच कॅपलन यांनी लिहिलं की शरीरात त्या असं काही करत नाहीत. दुखापतीच्या जागी त्या काही द्रव्यं सोडतात, आजूबाजूच्या पेशींना इशारे देतात, दाह कमी करतात. त्यांना स्टेम सेल म्हटल्यानं रुग्णांची दिशाभूल होते, तेव्हा ‘मेडिसिनल सिग्नलिंग सेल’ म्हणा. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहत होती, एवढी सोयही त्यांनी पाहिली होती.

नाव बदललं नाही. बदलणार कसं? तोवर त्या नावावर दुकानं उभी राहिली होती.

माझ्या मावशीच्या गुडघ्यांसाठी कुणीतरी फोनवर पाठवलेलं अशाच एका स्टेम सेल केंद्राचं माहितीपत्रक मध्यंतरी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असली पत्रकं तशी कुणी वाचत नाही, आणि वाचू नयेत अशाच बेतानं ती छापलेली असतात. पहिल्या पानावर निळसर सांधा, त्यावर पडणारे सोनेरी थेंब आणि ‘तुमच्या शरीरातलीच दुरुस्ती’ असं काहीसं. शेवटच्या पानावर, चष्मा कपाळावर सरकवून पत्रक नाकाशी धरावं लागेल अशा टायपात, ‘सदर प्रक्रिया प्रायोगिक स्वरूपाची असून परिणामांची हमी देता येत नाही’. त्याच्या खाली आगाऊ रक्कम कशी भरायची ते, आणि ते मात्र चांगल्या ठळक अक्षरांत. सुरुवातीला उपचार, शेवटी प्रयोग, आणि पैसे पुऱ्या उपचाराचे.

माझं भांडण या विसंगतीशी आहे. एखादी गोष्ट उपचार असेल, तर तिचा गुण येतो याचा पुरावा दाखवावा आणि खुशाल पैसे घ्यावेत. ती प्रयोग असेल, तर तिचा खर्च प्रयोग करणाऱ्यानं सोसावा. ज्याच्या अंगावर प्रयोग होणार त्यानंच वर पैसेही मोजायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. हा नियम कायद्यात असावा. डॉक्टरांच्या भलेपणावर तो सोडून चालणार नाही.

यावरून मी या शास्त्राच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. यातलं जे खरं आहे ते इतकं सुंदर आहे की त्याच्या नावानं चाललेला बाजार पाहून जास्त चीड येते. त्वचेचंच बघा. हॉवर्ड ग्रीन हे अमेरिकी शास्त्रज्ञ मुळात त्वचेच्या मागे नव्हतेच. उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवत असताना त्यांत त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसले, आणि तिथून १९७५ मध्ये त्यांनी आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवायची रीत बसवली. या पेशी एकट्या वाढायला राजी नसतात. खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा, किरणोत्सारानं त्या थराची स्वतःची वाढ थांबवायची, मग त्याच्या आधारानं माणसाच्या पेशी भराभर पसरतात. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेले दोन लहान भाऊ बोस्टनमध्ये दाखल झाले. स्वतःची त्वचा इकडून काढून तिकडे लावायची, तर काढायला जागाच उरली नव्हती. न भाजलेल्या जागचे छोटे तुकडे घेऊन त्यांतल्या पेशी काही आठवडे वाढवल्या आणि त्यांचं जवळजवळ निम्मं अंग त्या त्वचेनं झाकलं. दोघेही वाचले.

ही वाढवलेली त्वचा दिसायला अगदी मामुली असते. काही पेशींच्या जाडीचा, जवळजवळ आरपार दिसणारा पापुद्रा. एन्झाइम घालून बशीपासून सोडवला की तो लगेच आक्रसतो, म्हणून व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या कापडावर अलगद पसरवून न्यायचा. कुठली बाजू वर आणि कुठली खाली हे विसरायचं नाही, उलटा लागला तर धरत नाही. जखमेत जंतुसंसर्ग असेल तर सगळी मेहनत पाण्यात. धरलाच तर त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, आणि कितीतरी दिवस जरा घासलं तरी फोड येतात. हे सगळं त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. सोनेरी थेंब त्यांच्या लेखांत कुठे सापडत नाहीत.

फोड येण्याचं कारण त्वचेच्या रचनेत आहे. वरच्या पापुद्र्याखाली अंतस्त्वचेचा जाड, चिवट थर असतो, आणि त्याला धरून ठेवल्याशिवाय वरचं काही टिकत नाही. इथं पेशीइतकंच पदार्थाचं महत्त्व सुरू होतं. जॉन बर्क हे सर्जन आणि योआनिस यानास हे अभियंते. या दोघांनी गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन आणि शार्कच्या कूर्चेतलं एक द्रव्य मिसळून सच्छिद्र स्पंज बनवला आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा चढवला. हा स्पंज जखमेवर ठेवला की रुग्णाच्याच पेशी त्याच्या छिद्रांत शिरतात, आपलं कोलॅजन विणतात, आणि स्पंज हळूहळू विरघळून जातो. इमारत उभी राहीपर्यंत बांधलेल्या परांचीसारखं त्याचं काम. फक्त ही परांची कुणी येऊन सोडत नाही, तिनं आपणहून नाहीसं व्हायचं असतं, आणि नेमक्या वेळी. लवकर गेली तर बांधकाम कोसळतं, रेंगाळली तर शरीर तिला परकी ठरवून तिच्याभोवती वण बांधतं. भोकं किती रुंद ठेवायची, यातही चालढकल चालत नाही. १९८१ च्या सुमारास रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध झाले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली १९९६ मध्ये.

पदार्थाला आपण निर्जीव म्हणून सोडून देतो, पण पेशी त्याला तसं मानत नाहीत. २००६ मध्ये ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अस्थिमज्जेतल्या त्याच पेशी मेंदूइतक्या मऊ पृष्ठभागावर ठेवल्या तर चेतापेशींच्या वळणावर जातात, स्नायूइतक्या घट्ट पृष्ठभागावर स्नायूच्या, आणि त्याहून कडक पृष्ठभागावर हाडाच्या. अंथरूण बदललं तर पेशीचं नशीब बदललं. हे कळल्यानंतर ‘पेशी काढल्या, सुईनं टोचल्या, काम झालं’ असं सांगणाऱ्या माणसाकडे संशयानंच बघावं लागतं. टोचलेल्या पेशी पडणार कुठे? झिजलेल्या, सुजलेल्या सांध्यात. तिथं त्यांना धरून ठेवायला काय आहे? माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट सामान्य वाचकालाही उपयोगी पडण्यासारखी आहे. शरीरातली बहुतेक पेशी सर्वात जवळच्या केशवाहिनीपासून दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या आत असते, म्हणजे साध्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवली तर जितकी जाडी होईल तितक्यात. त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही आणि पेशी गुदमरून मरते. आता या क्षेत्रातली खरीखुरी यशं आठवा: वरची त्वचा, डोळ्याचं पारपटल (कॉर्निया), कूर्चा. पहिली दोन पातळ, आणि कूर्चा मुळातच रक्तवाहिन्यांशिवाय जगणारी. उरलेलं हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळं जाड, रक्ताला तहानलेलं. हा योगायोग नव्हे. उद्या कुणी ‘आम्ही अख्खा अवयव वाढवला’ म्हणालं तर पहिला प्रश्न रक्तवाहिन्यांचा विचारावा. पेशींचा नंतर.

पातळ ऊतीतलं यशसुद्धा किती खोदून काढावं लागतं याचा नमुना म्हणजे पारपटल. बुबुळाच्या कडेला एका अरुंद पट्ट्यात मूलपेशी असतात आणि त्या पारपटलाचा वरचा थर आयुष्यभर भरून काढतात. रसायनानं डोळा भाजला की हा पट्टा जळतो आणि दृष्टीवर साय चढते. ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या इटलीतल्या गटानं चांगल्या डोळ्याच्या कडेचा एक-दोन चौरस मिलिमीटरचा तुकडा घेऊन पेशी वाढवल्या आणि जळलेल्या डोळ्यावर लावल्या. पहिल्या दोन रुग्णांची नोंद १९९७ ची. २०१० मध्ये ११२ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांना कायमचा फायदा झालेला दिसला. पण मला त्यातला पुढचा आकडा महत्त्वाचा वाटतो. वाढवलेल्या पेशींमध्ये खऱ्या मूलपेशी ३ टक्क्यांहून जास्त असतील तर यश ७८ टक्के, ३ टक्के किंवा त्याहून कमी असतील तर ११ टक्के. दोन बश्या शेजारी ठेवल्या तर नुसत्या बघून फरक सांगता येणार नाही. एक डोळा उघडेल, दुसरा नाही. या पद्धतीला युरोपात मंजुरी मिळाली २०१५ मध्ये, पहिल्या नोंदीनंतर तब्बल १८ वर्षांनी. त्याच परंपरेतून २०१७ मध्ये आणखी एक बातमी आली. एका दुर्मिळ जनुकीय आजारानं ज्याची त्वचा अंगावरून गळून पडत होती अशा ७ वर्षांच्या मुलाला, जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून सुमारे ८० टक्के नवी बाह्यत्वचा देण्यात आली होती. ती आभाळातून पडली नव्हती, चार दशकांच्या कंटाळवाण्या मोजमापांवर ती उभी होती.

आता हे ३ टक्क्यांचं गणित डोक्यात ठेवून फ्लोरिडातल्या एका केंद्राकडे बघा. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन महिलांची हकिकत छापून आली. ७२ ते ८८ वर्षांच्या, वयोमानानं दृष्टिपटल झिजत चाललेल्या. त्यांच्या पोटाची चरबी काढली, त्यातून ‘मूलपेशी’ वेगळ्या केल्याचं सांगितलं, आणि त्या डोळ्यांत टोचल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. एका डोळ्यावर करून पाहावं, बरं-वाईट कळलं की दुसऱ्याकडे वळावं, ही साधी सावधगिरीही घेतली नाही. तिघींचीही दृष्टी गेली. प्रत्येकीनं पाच हजार डॉलर भरले होते, आणि आपण एका वैद्यकीय चाचणीत भाग घेत आहोत असं त्यांच्यापैकी काहींना वाटत होतं. कारण सरकारी संकेतस्थळावर, जिथं चाचण्यांची नोंद होते, तिथं त्या प्रयोगाचं नाव होतं. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे घेतल्यानं नेमकं काय बिघडतं? तुलना करता येत नाही, हे पहिलं. पैसे भरलेल्याला नुसतं मिठाचं पाणी टोचून ‘तुम्ही तुलनेच्या गटात होतात’ असं कसं सांगणार? आणि तुलना नसेल तर काहीच कळत नाही. २०२३ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताची एक मोठी चाचणी आली, सुमारे ४७५ रुग्णांची. काहींना त्यांच्याच अस्थिमज्जेतून घेतलेल्या पेशी दिल्या, काहींना चरबीतल्या, काहींना दात्यांच्या नाळेतल्या, आणि उरलेल्यांना नेहमीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षानंतर बघितलं तर वेदना सगळ्याच गटांत कमी झालेल्या, आणि पेशींचा कुठलाही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे या चाचणीतल्या पेशीवाल्या कुठल्याही रुग्णाला विचारलं असतं तर त्यानं ‘मला गुण आला’ असंच, आणि मनापासून, सांगितलं असतं. तो खोटं बोलला नसता. पण त्याच्या अनुभवातून पेशींबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. ज्यानं खिसा रिकामा केला आहे त्याला गुण आल्यासारखं वाटण्याची गरजही जास्त असते, हे वेगळं सांगायला नको. (गुडघ्याला बाशिंग बांधणारा उतावळा नवरा म्हणीतच शोभतो असं मला वाटायचं.)

दुसरं म्हणजे अपयश नाहीसं होतं. पैसे घेऊन टोचणाऱ्याला रुग्ण पुढे पाच वर्षं कसा आहे हे विचारण्यात काडीचाही रस नसतो. ग्राहक येऊन जातो. पुढच्याला सांगायला मागच्याचं काहीच शिल्लक राहत नाही.

इथं माझ्या म्हणण्यातली एक फट मीच दाखवून देतो, नाहीतर कुणीतरी दाखवेलच. पैसे न घेताही भयंकर गोष्टी झाल्या आहेत. २०११ मध्ये स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी या सर्जननं एका रुग्णाच्या छातीत प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दीड दिवस सोडल्या होत्या, तेवढ्यानं ती जिवंत होईल असा दावा होता. रक्तवाहिन्या कुठून येणार, दोन कागदांच्या जाडीचा नियम या नळीला का लागू नाही, हे विचारणारे होते, पण जगभर कौतुक चाललेलं असताना त्यांचं ऐकतो कोण. आधी प्राण्यांवर पुरेसे प्रयोगही झालेले नव्हते. स्वीडनमध्ये तीन रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली, तिघेही गेले. त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये लेखी तक्रार केली. बाहेरच्या चौकशी अधिकाऱ्यानं गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला, तरी कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या त्यांच्या संस्थेच्या कुलगुरूंनी २०१५ मध्ये मॅकियारिनींना निर्दोष ठरवलं. टीव्हीवर माहितीपट आला तेव्हा कुठे चक्रं फिरली आणि कुलगुरूंना राजीनामा द्यावा लागला. २०२३ मध्ये अपील न्यायालयानं मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

तिथं चलन पैशाचं नव्हतं, कीर्तीचं होतं. संस्थेलाही ते हवंच होतं. तेव्हा नुसतं ‘फुकट करा’ म्हणून भागत नाही, हे मला मान्य आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद संस्थेबाहेरच्या कुणाच्या तरी हाती हवी, आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी शाबूत राहायला हवी. पण पैशाचा प्रश्न त्यानं मागे पडत नाही. कीर्तीच्या मागे लागलेले थोडे असतात आणि त्यांच्यावर कधीतरी प्रकाश पडतो. गल्ल्यावर बसलेल्यांवर पडत नाही.

याला सर्वात जड आक्षेप मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा आहे. त्याला तुमच्या १८ वर्षांशी काय देणंघेणं? त्याच्याकडे सहा महिने आहेत, पैसे आहेत, आणि धोका पत्करायची तयारी आहे. त्याला अडवणारे तुम्ही कोण? मी त्याला अडवत नाही. त्यानं प्रयोगात जरूर जावं. माझा प्रश्न समोरच्याला आहे: तुमचा तुमच्या पेशींवर इतका विश्वास असेल, तर या माणसाचा खर्च तुम्ही का उचलत नाही? घर गहाण टाकून तो तुमच्या दारात येतो, तेव्हा धोका कोण पत्करतो आहे?

जपाननं २०१४ मध्ये मधला मार्ग काढला. थोड्या रुग्णांवर सुरक्षितता आणि गुणाची शक्यता दिसली की मुदतबंद, सशर्त मंजुरी द्यायची. विक्री सुरू होते आणि पुरावा विक्री चालू असताना गोळा करायचा. हृदय निकामी होत चाललेल्यांसाठी मांडीच्या स्नायूतल्या पेशींचे पापुद्रे हृदयावर चिकटवायचे, असं ‘हार्टशीट’ नावाचं उत्पादन २०१५ मध्ये या वाटेनं बाजारात आलं. मंजुरीच्या वेळचा आधार होता ७ रुग्णांचा. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीनं गोळा झालेला पुरावा पाहून सांगितलं की उपयोग सिद्ध होत नाही. मधली नऊ वर्षं बिलं निघत होती. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण सशर्त मंजुरी द्यायचीच असेल तर अट किमतीवरही हवी. पुरावा येईपर्यंत उत्पादकानं फुकट द्यावं, फार तर सरकारी संशोधन निधीतून भरपाई घ्यावी. मग बघा, पुरावा गोळा करायला नऊ वर्षं लागतात का.

‘असं केलंत तर संशोधनच थांबेल’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटं आहे. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात मूलपेशींपासून बनवलेल्या, इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी यकृताच्या रक्तवाहिनीतून सोडण्याची चाचणी उत्पादक कंपनीच्या खर्चानं चालली आहे. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानं इन्सुलिनच्या इंजेक्शनाशिवाय राहत होते, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात ही मोठी अडचणही त्याच लेखात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एक रक्तवाहिनी मंजूर झाली, तिची गंमत वेगळीच. मानवी पेशींकडून परांचीवर कोलॅजनची नळी विणून घ्यायची आणि मग पेशी धुऊन टाकायच्या. विणकर निघून जातो, कापड राहतं, आणि ते कुणाच्याही शरीरात चालतं. त्याच महिन्यात कॅपलन यांनी नाव दिलेल्या त्या पेशींनाही अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली. गुडघ्यासाठी नाही, हृदयासाठी नाही. अस्थिमज्जा रोपणानंतर दात्याच्या पेशी लहान मुलाच्या शरीरावरच उलटतात आणि स्टेरॉइडलाही दाद देत नाहीत, त्या आजारासाठी. दाह शमवण्यासाठी, म्हणजे कॅपलन म्हणत होते त्याच कामासाठी. त्याआधी दोनदा अर्ज परत पाठवला गेला होता.

मावशीनं शेवटी त्या माहितीपत्रकवाल्या केंद्राला स्वतःच फोन लावला. मी शेजारी बसून होतो. तिनं कोलॅजन विचारलं नाही, रक्तवाहिन्या विचारल्या नाहीत. ती हिशेबाची बाई. तिनं विचारलं, ‘गेल्या वर्षी ज्यांना दिलंत, त्यांच्यापैकी किती जणांना नंतर फोन करून विचारलंत, कसं आहे म्हणून?’ पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की फॉलोअपचं दुसऱ्या विभागाकडे असतं, पण या आठवड्यात बुकिंग केलं तर सवलत आहे. मावशीनं फोन ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.